तळघरातल्या सासूबाई

भिंतीवरचा पडदा अडखळला तेव्हा ताईचा चष्मा तिची धाकटी बहीण रुमालात गुंडाळत होती.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या त्या लांबट खोलीत नातेवाइकांसाठी टीव्हीसारखा एक पडदा लावलेला होता. आत कोणाचं काय चाललंय ते त्यावर दिसायचं: तयारी, भूल, शस्त्रक्रिया चालू, रिकव्हरी. नावं नसत, प्रत्येकाला एक क्रमांक असे. ताईच्या क्रमांकासमोरचं ‘भूल’ पुसलं गेलं आणि पुढचे शब्द उमटायच्या आधी ती जागा कोरी राहिली. आवंढा गिळायला लागतो तेवढा वेळ. मग ‘शस्त्रक्रिया चालू’ आलं. खोलीतल्या कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. भावजी फोनवर कोणाला तरी सांगत होते, की हो, नेलं आत, आता बघायचं.

धाकटीच्या मात्र आलं. ती जागा कोरी दिसायला नको होती.

ती याच रुग्णालयात कामाला होती, पण तिचं काम घरात कोणाला नीट सांगता यायचं नाही. रुग्णालयाच्या संगणकांना किती मेमरी लागेल, किती वेग लागेल, उद्या काम वाढलं तर कुठे अडेल, हे आधी मोजून सांगायचं. ताईने त्याचं आपल्यापुरतं भाषांतर करून ठेवलं होतं. “आमची धाकटी मशीनचा शिधा काढते,” असं ती लोकांना सांगायची. “किती पानं, किती तांदूळ. घरात मात्र चार माणसांचा भात तिला जमत नाही.”

परवाच धाकटीने काढलेल्या शिध्यावर तीन नवे सर्व्हर जोडले गेले होते. आणि आज त्यांचा पहिला पूर्ण कामाचा दिवस होता.

तिने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. दुसऱ्या कोणाच्या तरी क्रमांकासमोरचे शब्द बदलत होते. याही वेळी जागा कोरी झाली, आणि आता आवंढा दोनदा गिळून झाला तरी अक्षरं येईनात. आली एकदाची. तिने चष्म्याचा रुमाल भावजींच्या हातात दिला आणि म्हणाली, “चहा आणते.”

“साखर कमी,” भावजी म्हणाले. ते तिच्याकडे पाहत नव्हते.

कँटीन वरच्या मजल्यावर होतं. धाकटी जिना उतरून तळघरात गेली.

तळघरात मुख्य मशीन होतं. काळं, कपाटाएवढं, बाहेरून मुकं. रुग्णांच्या सगळ्या नोंदी त्याच्यात असत, आणि बाकीचे सर्व्हर त्यालाच जोडलेले: तपासण्यांचा, औषधांचा, रक्तपेढीचा, आणि आता हे तीन नवे, एक्स-रे आणि स्कॅनचे फोटो सांभाळणारे. या जोडलेल्या सर्व्हरना स्वतःचा मेंदू होता, स्वतःची मेमरी होती, पण स्वतःची डिस्क नव्हती. त्यांचं सगळं सामान मुख्य मशीनच्या डिस्कवर राहायचं. कोणाला काही काढायचं असो की ठेवायचं असो, मुख्य मशीनमधूनच जावं लागे. म्हणून त्या खोलीत काम करणाऱ्यांनी मुख्य मशीनला ‘सासूबाई’ हे नाव ठेवलं होतं आणि जोडलेल्या सर्व्हरना ‘सुना’. सुना कितीही कर्त्या असल्या तरी कोठीच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. नव्या आल्या त्या दिवशी तात्याने फोटोवाल्या सुनांना हळदीकुंकू नाही तरी निदान लेबलं लावली होती.

तात्या म्हणजे तिथला ऑपरेटर. वयाने धाकटीहून लहानच, पण आजोबांसारखा सावकाश बोलायचा म्हणून तात्या. तो पडद्यासमोर पाय पसरून बसला होता. धाकटीला पाहून त्याने पाय आत घेतले आणि विचारलं, की आज सुट्टी होती ना, ताईंचं कसं आहे? आत नेलंय, एवढंच ती म्हणाली, आणि मशीन कसं आहे ते विचारलं.

“सगळं हिरवं आहे, बाई.”

खरंच हिरवं होतं. प्रत्येक सर्व्हरची एक पट्टी, आणि एकूणएक हिरवी. मेमरी निम्म्याहून जास्त रिकामी. प्रोसेसर तर जवळजवळ झोपलेले. तात्या कौतुकाने म्हणाला, की तुम्ही काढलेला अंदाज म्हणजे दगडावरची रेघ, सुना नुसत्या हातावर हात ठेवून बसल्यात.

धाकटी त्या शब्दांशी थांबली. दुपारच्या जेवणाच्या वेळी घरातल्या सगळ्या बायका हातावर हात ठेवून बसल्या असतील, तर त्याचे अर्थ दोनच. एक तर जेवणं उरकली, नाहीतर कोठीचं दार उघडत नाही.

तिने तात्याला सुनांच्या पट्ट्या सोडून सासूबाईंची आतली पानं काढायला लावली. ती पानं रोज कोणी पाहत नसे. तिथे मेमरी कप्प्याकप्प्यांनी दिसे, आणि कोणाला किती वेळ ताटकळावं लागतं तेही. सगळ्या सुनांचं डिस्कवरचं येणंजाणं एकाच सामाईक कप्प्यातून होत होतं. तो कप्पा काठोकाठ भरला होता. माहितीचा एक तुकडा आत आला की दुसरा बाहेर फेकला जात होता, आणि फेकलेला पुढच्याच क्षणी कोणीतरी परत मागत होतं. सासूबाई नुसत्या कोठीत जात होत्या आणि येत होत्या.

सामाईक कप्पा ही धाकटीचीच कल्पना. एकत्र ठेवलं की एकीचं उरलेलं दुसरीला मिळतं, कागदावर ते फार शहाणपणाचं दिसलं होतं. आणि तिने ते चाचणी घेऊन तपासलंही होतं. कुठे चुकलं?

उत्तर यायला वेळ लागला नाही. चाचणीसाठी खऱ्या रुग्णांचे फोटो वापरायला परवानगी हवी होती. ती मिळाली मोजक्याच जुन्या रुग्णांपुरती. मग तेच फोटो तिने आठवडाभर पुन्हा पुन्हा मागवले. पहिल्या फेरीत सासूबाईंनी ते कोठीतून काढले, आणि त्यानंतर ते त्यांच्या हाताशीच राहिले, मेमरीत. डिस्कला कोणी हातच लावला नाही. धाकटीला वाटलं, केवढं चपळ मशीन. शंभर पाहुण्यांच्या पंगतीचा अंदाज तिने एकाच ताटात शंभरदा वाढून काढला होता. आज प्रत्येक ताट नवं होतं.

“वाढत जाणार का हे?” तात्याने विचारलं. त्याचा आवाज आता आजोबांसारखा राहिला नव्हता.

वाढणार होतं. वॉर्डांच्या फेऱ्या संपल्या की सगळे डॉक्टर आपापल्या खोलीत बसून फोटो उघडतात. तेव्हा हा अडखळा आवंढ्याएवढा राहणार नव्हता. किती राहील ते धाकटीला सांगता येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला मोजायची भीती वाटली.

कारण रक्तपेढी त्याच कप्प्यात होती.

ताईचं रक्त फार खोडीचं झालं होतं. मागे कधी रक्त चढवावं लागलं होतं, तेव्हापासून तिच्या रक्ताने जणू पण केला होता, की परक्याला घरात घेणार नाही. पुष्कळ शोधून तिला चालतील अशा दोन पिशव्या मिळाल्या होत्या. त्या रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये होत्या, आणि तो फ्रिज रुग्णाचा क्रमांक आणि पिशवीचा क्रमांक मशीनवर जुळल्याशिवाय उघडत नसे. चुकीची पिशवी जाऊ नये म्हणून केलेली सोय. मशीन बंद पडलं तर किल्ली होती, पण किल्लीने उघडलं की सगळी जुळणी हाताने पुन्हा करायची, आणि त्यात तास सहज जायचा. शस्त्रक्रियेत रक्त जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कधी जाईल, ते कोण सांगणार?

उपाय धाकटीला दिसत होता. फोटोवाल्या तिघींना वेगळा, मर्यादित कप्पा द्यायचा. मग त्या उपाशी राहिल्या तरी आपल्या आपण राहतील, बाकीच्यांच्या ताटात हात घालणार नाहीत. चालू मशीनवर हे करता येत होतं. पण घर आवरायला काढलं की आधी पसारा वाढतो. कप्पा रिकामा करायला सासूबाईंना हातातलं सगळं आधी कोठीत ठेवावं लागणार, आणि तोवर कोणालाच काही मिळणार नाही. काही मिनिटं सगळंच थांबेल. त्याच मिनिटांत ताईला रक्त लागलं तर?

आणि काहीच केलं नाही तर फेऱ्या संपल्यावर, ताई सगळ्यात खोल भुलीत असताना, ते आपणहून थांबेल.

तिने साहेबांना फोन लावला. कामाच्या वेळात मशीनला हात लावायचा तर साहेबांची परवानगी लागे. साहेब शांतपणे म्हणाले, की त्यांच्यासमोरही सगळं हिरवं दिसतंय, संध्याकाळी बघू. धाकटीने ताटकळण्याचे आकडे वाचून दाखवले. मग साहेबांनी विचारलं, “हा अंदाज तुमचाच होता ना?”

“माझाच. चुकलाय.”

“आणि आज तुमची बहीण आत आहे.”

“हो.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, की मग मला कसं कळायचं, हे माझं माणूस बोलतंय की पेशंटची बहीण? तोच प्रश्न धाकटी तळघरात आल्यापासून स्वतःला विचारत होती. ती एवढंच म्हणाली, की आकडे तात्याही वाचू शकतो, त्याची बहीण आत नाही. साहेबांनी तात्याला वाचायला लावलं. तात्याने वाचले. मग परवानगी मिळाली, पण एका अटीवर: आत्ता चालू असलेल्या कुठल्याही शस्त्रक्रियेचं रक्त अडता कामा नये.

धाकटी जिना चढून रक्तपेढीत गेली. रक्तपेढी सांभाळणारी बाई कपाळावर चष्मा चढवून रक्ताच्या नळ्यांच्या रांगा न्याहाळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. मागणी आल्याशिवाय पिशव्या बाहेर निघत नाहीत. थंड पेटीत घालून थिएटरमध्ये पाठवता येतात, पण तिथे एकदा पेटी उघडली की उरलेली पिशवी परत फ्रिजमध्ये येत नाही. टाकून द्यावी लागते.

“मला माहीत आहे,” धाकटी म्हणाली. “तरी पाठवा. आत्ता तिन्ही थिएटर चालू आहेत, तिन्हींच्या पाठवा.”

“तिन्हींच्या?”

“कोणाला कधी लागेल ते मला सांगता येत नाही.”

बाईने चष्मा नाकावर घेतला आणि धाकटीकडे नीट पाहिलं. “तुमचं कोण आहे आत?”

“बहीण.”

“मग ते मशीनचं तुम्ही तुमच्या हाताने करू नका,” बाई म्हणाली. तिचा आवाज मऊ नव्हता, कडकही नव्हता. “आमच्याकडे घरच्या माणसाची नळी घरच्या माणसाने तपासायची नाही, असं आहे. हात थरथरतो, आणि आपल्याला कळत नाही.”

तिने थिएटरांना फोन लावले, मागण्या घेतल्या आणि फ्रिजसमोर उभी राहिली. फ्रिजने विचार केला. धाकटीला वाटलं, हा आता उघडतच नाही. शेवटी खट् झालं. पिशव्या पेट्यांत गेल्या, पेट्या लिफ्टमध्ये गेल्या.

तळघरात परतताना धाकटीने बाईचं म्हणणं मनात बाजूला सारलं होतं. तात्याला समजावण्यात वेळ जाईल, आपणच पटकन करून टाकू, असं तिने ठरवलं होतं. पण खुर्ची ओढताना तिची नजर हाताकडे गेली. बोटांची टोकं कीबोर्डवर टेकायच्या आधीच नाचत होती. ती उठली.

“तात्या, तुम्ही लिहा. मी सांगते.”

तशी रीत होतीच त्या खोलीत. मोठा बदल असला की एकाने सांगायचं, दुसऱ्याने ते मोठ्याने परत म्हणून मग लिहायचं. एकटं असताना कोणी पाळत नसे, आणि दुकटं असतानाही हसतहसतच पाळत.

धाकटी सांगत गेली. नवा कप्पा. त्याचं नाव. त्याची मर्यादा. तात्या शाळेतल्या पोरासारखा एकेक शब्द परत म्हणत गेला. मग ती म्हणाली, कुठल्या कुठल्या सर्व्हरना त्या मर्यादित कप्प्यात टाकायचं, आणि तिने तीन क्रमांक सांगितले. तात्याने पहिला म्हटला, लिहिला. दुसरा म्हटला, लिहिला. तिसरा म्हटला, आणि थांबला.

“बाई, हा रक्तपेढीचा आहे.”

मघापासून रक्तपेढीच्याच सर्व्हरचा क्रमांक धाकटीच्या डोक्यात घोळत होता. जपायचा म्हणून घोळत होता, आणि तोंडातून भलतीकडेच गेला. एकटी असती तर तिने तो लिहून टाकला असता. रक्तपेढी त्या दोन भुकेल्यांबरोबर एका डब्यात कोंडली गेली असती, आणि सगळ्या पट्ट्या हिरव्याच दिसल्या असत्या.

“बरोबर,” ती म्हणाली. “नको तो. तिसरा...” तिला क्रमांक आठवेना. तिने सर्व्हरवर तात्याने लावलेलं लेबल वाचलं आणि मग सांगितला.

तात्याने लिहिलं. तिने पडद्यावरची प्रत्येक ओळ बोट ठेवून तपासली, मग त्याने तपासली. त्याने विचारलं, करू? ती मान हलवून हो म्हणाली.

सासूबाईंनी सगळं हातातलं खाली ठेवायला घेतलं. ताटकळण्याचा आकडा वाढला. आणखी वाढला. फोन वाजायला लागले: औषधांच्या खिडकीवरून, तपासणीच्या खोलीतून, सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं. तात्या प्रत्येकाला ‘थोडं थांबा’ म्हणत होता. धाकटीला तिथे उभं राहवेना. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. ती वर गेली.

भावजी त्याच खुर्चीवर होते, रुमाल तसाच मुठीत. “चहा?” त्यांनी विचारलं.

“रांग होती,” ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसली.

पडद्यावर ताईच्या क्रमांकासमोर ‘शस्त्रक्रिया चालू’ होतं. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं होतं. ते मिनिटामिनिटाला बदलायचं, आणि बदलत नव्हतं. म्हणजे पडद्यावर दिसतं ते आत्ताचं नव्हतं, मघाचं होतं. आत काहीही झालं असलं तरी पडदा मघाचंच सांगत राहणार होता. पलीकडची एक म्हातारी आपल्या मुलाला म्हणाली, बघ, चालूच आहे म्हणतंय, काळजी नको. धाकटीने डोळे मिटून घेतले. मिटले तर अंधारात ताई दिसायला लागली, म्हणून पुन्हा उघडले.

थिएटरचं दार ढकलून एक नर्स घाईघाईने बाहेर आली, कोणाशी तरी फोनवर बोलत. तिच्या बोलण्यातले दोनच शब्द धाकटीला कळले: ‘रक्त’ आणि ‘अडकलंय’. मग नर्स थांबली, दारातून कोणीतरी तिला काही सांगितलं, आणि ती म्हणाली, “अच्छा, पेटी आतच आहे? मग उघडा ना.” दार बंद झालं.

“कोणाचं गं?” भावजींनी विचारलं.

धाकटीने त्यांचा हात धरला. एरवी तिने तो कधी धरला नसता. भावजींनी नुसता रुमाल दुसऱ्या हातात घेतला.

किती वेळ गेला ते सांगणारं घड्याळच थांबलेलं. मग ते एकदम उडी मारून पुढे गेलं. बाकीच्या क्रमांकांसमोरचे शब्द भराभर बदलले, कोरी जागा न सोडता. ताईच्या समोर ‘शस्त्रक्रिया चालू’च राहिलं, आणि बऱ्याच वेळाने, भावजींनी स्वतःच चहा आणून तो गार झाल्यावर, ‘रिकव्हरी’ आलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, की मध्ये अचानक रक्त गेलं, पण पिशवी हाताशी होती, निभावलं.

भावजी उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. धाकटी तशीच बसून राहिली. ते रक्त तिने मशीन थांबवलं नसतं तर वेळेवर आलंच असतं की नाही? फ्रिज त्या क्षणी उघडला असता? की तिच्या भीतीने वाचवलं? या दोन अंदाजांतला कुठलाही तपासून पाहायचा, तर तीच शस्त्रक्रिया पुन्हा व्हायला हवी होती.

दुपारी रक्तपेढीतली बाई जिन्यात भेटली. तिच्या हातात रिकाम्या पेट्या होत्या. दोन थिएटरच्या पेट्या न उघडता परत आल्या, म्हणाली, त्या ठेवल्या जागेवर. ताईच्या पेटीतली एक पिशवी लागली. दुसरी वाया गेली.

“त्या रक्ताचा दाता शोधायला पुन्हा फिरावं लागेल,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.” आणि ती पुढे गेली.

ताईला शुद्ध आली तेव्हा धाकटी तिच्या उशाशी होती. ताईने डोळे किलकिले केले. ओठ कोरडे होते. चष्म्याशिवाय तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून धाकटीने तो रुमालातून काढून तिच्या नाकावर ठेवला.

“ए धाकटे,” ताई पुटपुटली. “हे म्हणतात, चहा आणायला गेलीस ती आलीच नाहीस.”

“चुकले,” धाकटी म्हणाली.

ताईला हसायचं होतं, पण टाके दुखले. ती पुन्हा झोपली. पलंगाशेजारच्या पडद्यावर तिच्या नाडीचा आकडा हिरव्या रंगात दिसत होता. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं, मग चादरीखाली हात घालून ताईचं मनगट धरलं आणि स्वतःच्या बोटांनी नाडी मोजायला लागली.